हेडसर हातांवर बसले तो दिवस

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपल्या शिक्षणसंस्थेचे सन्माननीय सचिव, व्यासपीठावरचे मान्यवर पाहुणे, ज्यांना निरोप द्यायला आपण सगळे जमलो आहोत ते आमचे हेडसर, आणि त्यांच्या शेजारी बसलेल्या काकू, सर्व शिक्षक-शिक्षिका, कार्यालयातली मंडळी, शिपाईमामा, माझ्यासारखे पालक, आणि ही भाषणं कधी संपतात म्हणून मागे चुळबुळ करणाऱ्या बालमित्रांनो, सर्वांना माझा नमस्कार.

माझी ओळख करून देताना 'एक पालक' एवढंच सांगितलं गेलं. पण मी तोंड उघडल्याबरोबर तिसऱ्या रांगेतल्या काहींनी माना वर केल्या, ते मी पाहिलंय. बरोबर ओळखलंत. 'प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे' म्हणणारी ती बाई मीच. बस स्थानकावर काचेच्या खोलीत बसून दिवसभर गाड्या सांगते. तुमच्यातल्या निम्म्या लोकांना मी सांगितलं म्हणून गाडी मिळाली असेल, उरलेल्यांची मी सांगूनही चुकली आणि त्यांनी वर मलाच बोल लावला. असो. सांगायचं इतकंच, की बोलणं हे माझं पोटापाण्याचं काम आहे. घरी माझ्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की मिस्टर टीव्हीचा आवाज वाढवतात.

आणि अशा बाईच्या पोटची मुलगी शाळेत एक शब्द बोलत नव्हती.

तिला आम्ही चिमणी म्हणतो, कारण घरात तिची चिवचिव क्षणभर थांबत नाही. शाळेचं फाटक ओलांडलं की मात्र बंद. लाजून हळू बोलायची असं नव्हे, अजिबात नाही. हजेरीला हात वर करायची. तहान लागली तरी मागायची नाही. एकदा दारात बोट चेमटलं तर रडलीसुद्धा आवाज न करता. 'हाताची घडी, तोंडावर बोट' हे वर्गात सगळ्यांना दिवसातून कितीदा सांगावं लागतं, हिला कधी सांगावंच लागलं नाही. डॉक्टरांनी सांगितलं, हा हट्ट नाही, भीती आहे. शाळेत आली की तिचा गळा आवळल्यासारखा होतो. जबरदस्ती करू नका, वाट पाहा. वाट पाहा म्हणणं सोपं असतं हो. ज्याच्या घरात ते घडतं त्याचा जीव टांगणीला लागलेला असतो.

आता हेडसरांविषयी. निरोपाच्या दिवशी माणसाबद्दल गोड बोलायचं असतं, एवढं मला कळतं. पण सर, या शाळेत मुलांना तुम्ही काय शिकवलंत? उभं राहायचं, मान वर करायची आणि मनात आहे ते स्पष्ट बोलायचं. मग आज जरा ऐकून घ्या. अध्यक्ष महोदय, आपणही धीर धरा, शेवट वाईट नाही.

आमच्या सरांची दोन वैशिष्ट्यं सगळ्यांना ठाऊक आहेत. एक, त्यांना वाकडं बघवत नाही. भिंतीवरचा नकाशा कलला असेल, बाक तिरका असेल, मुलाची कॉलर दुमडलेली असेल, सरांचा हात आपोआप पुढे जातो आणि ते सरळ करतो. बोलता बोलता करतात, त्यांना स्वतःलाही पत्ता नसतो. आणि दुसरं, त्यांना थांबवत नाही. 'चला, पुढे' हे त्यांचं आवडतं वाक्य. मुलाने उत्तराला वेळ लावला की सरांची नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे जाते, आणि ती नजर पाहून येत असलेलं उत्तरही मुलाच्या घशातच राहतं.

तर अशा सरांनी एके दिवशी मला ऑफिसात बोलावलं. मी कामाची पाळी संपवून घामाघूम होऊन आले. सर म्हणाले, "बसा. तुमच्या मुलीचं लेखी चांगलं आहे. पण पुढच्या इयत्तेत निम्मं काम तोंडी असतं. यंदाचा विज्ञानाचा प्रकल्प तिला परीक्षकांसमोर सादर करावा लागेल. जमलं तर ठीक, नाहीतर तिला दुसऱ्या शाळेत घाला. शहराच्या त्या टोकाला एक आहे, तिथे अशा मुलांची सोय असते."

'अशा मुलांची.' सर, तुम्हाला आठवतही नसेल, पण हे शब्द माझ्या डोक्यातून गेलेले नाहीत.

ती शाळा मला माहीत होती. तिथली गाडी मीच सांगते. मध्ये एकदा बदलावी लागते, आणि ज्या थांब्यावर बदलायची तिथे कायम गर्दी. मी सरांना म्हटलं, "सर, ही मुलगी अनोळखी माणसाशी बोलत नाही. चुकीच्या गाडीत बसली तर विचारणार कुणाला? कंडक्टरने हटकलं तर सांगणार काय?"

सर म्हणाले, "घरी बोलते ना? मग येतं तिला. इथेही बोलेल, मनावर घेतलं तर."

माझ्या नाकावर राग असतोच, तो त्या दिवशी डोक्यात गेला. मी म्हटलं, "तुमच्यासमोर मोठी माणसं बोलायला घाबरतात, आणि पोरीने काय मनावर घ्यायचं?" बाहेर शिपाईमामांनी ऐकलं आणि ते हळूच जिन्याकडे गेले. मामा, मान खाली घालू नका, मी पाहिलंय तुम्हाला.

यातून वाट काढली ती विज्ञानाच्या बाईंनी. त्या समोर बसल्या आहेत आणि मला खुणेने थांब म्हणताहेत, पण मी थांबणार नाही. बाईंनी चिमणीला सांगितलं, तुझ्या प्रकल्पाचा सिनेमा कर. क्लेचं बी कर, त्याचा एक फोटो काढ. थोडासा कोंब लाव, दुसरा फोटो काढ. कोंब जरासा वाढव, तिसरा. असे पुष्कळ फोटो भराभर दाखवले की बी आपोआप रुजताना दिसतं. याला स्टॉप मोशन म्हणतात, हे मला तेव्हा कळलं. आणि आवाज घरी रेकॉर्ड कर, म्हणाल्या.

मंडळी, पुढचे काही आठवडे आमच्या घरावर कुणाचं राज्य होतं म्हणून सांगू. जेवणाचं टेबल गेलं, त्यावर शेत झालं. आम्ही जमिनीवर जेवायला लागलो. खिडकीतलं ऊन सरकतं आणि फोटोत सावली पळते म्हणून खिडकीवर चादर आली. टेबलावर दिवा, आणि माझा फोन स्टुलाला कापडी पट्ट्यांनी बांधून ठेवलेला. मी घरात चालायचं नाही, कारण टेबल हलतं. मिस्टरांनी तिकडून जायचं नाही, कारण त्यांच्या पोटाची सावली पडते. एकदा फोटो चालू असताना माझ्या सुपरवायझरचा फोन आला, फोन थरथरला, स्टुलावर इवलासा फिरला, आणि संध्याकाळभराचं काम वाया. चिमणीने माझ्याकडे असं पाहिलं की मी सुपरवायझरला म्हटलं, "साहेब, माझ्या घरात कामाच्या वेळी फोन करायचा नाही."

कारण यात एक गोष्ट फार कडक असते. फोटोंची रांग सुरू झाली की जे हलवायचं तेच हलवायचं. बाकी टेबल, दिवा, फोन, काहीही केसभर सरकलं तर पडद्यावर सगळं जग दचकल्यासारखं उडी मारतं. मग पहिल्यापासून. हे चिमणीने मला इतक्यांदा बजावलं की मी टेबलाजवळून जाताना श्वास रोखायला शिकले. तिची बोटं मात्र पाहण्यासारखी. टोकदार काडीने कोंबाला जरासं ढकलायची, हात बाजूला, फोटो. पुन्हा ढकलायची, हात बाजूला, फोटो. एवढी वळवळी पोरगी, पण तिथे बसली की घाई नाही.

फिल्म झाली. घेवड्याचं बी फुगतं, फुटतं, मूळ खाली जातं, कोंब वर येतो, दोन पानं उघडतात. मिनिटाच्या आत सगळं. आणि मागे तिचा खणखणीत आवाज. आमच्या स्थानकावर लावावा असा.

मी आनंदाने सरांना सांगायला गेले. सरांनी पाहिली. म्हणाले, "छान. पण रेकॉर्ड केलेलं चालणार नाही. बाहेरून परीक्षक येणार आहेत. ते एक प्रश्न विचारतील. त्याचं उत्तर इथे, आमच्यासमोर, तिचं तिने द्यायचं."

विज्ञानाच्या बाई म्हणाल्या, "लिहून दिलं तर?"

"लेखी परीक्षा झाली, बाई. उत्तर इथे, आमच्यासमोर." आणि माझ्याकडे वळून, "तुम्हाला बसता येईल. पण तुम्ही एक शब्द जरी बोललात तर तिचं उत्तर बाद."

माझ्यासारख्या बाईला ही अट. विचार करा.

सादरीकरणाचा दिवस उजाडला. प्रयोगशाळेत टेबलं भिंतीला लावलेली. एका बाजूला सर, मध्ये परीक्षक, ते वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक, पलीकडे विज्ञानाच्या बाई. मी दाराजवळच्या स्टुलावर, रुमाल तोंडाशी धरून. बाहेर पुढच्या मुलांची रांग. प्रत्येकाला ठरावीक वेळ, आणि वेळ संपली की मामा घंटा देणार, असा सरांचा हुकूम.

माझ्या फोनवरून फिल्म लागली. चिमणीचा आवाज खोलीभर झाला. परीक्षक मान डोलवत होते. मग ते म्हणाले, "सुरेख. आता मला सांग बाळ, हेच बी तू बंद कपाटात, अंधारात ठेवलं असतंस तर काय झालं असतं?"

झालं. खोलीत सगळे तिच्याकडे पाहायला लागले. तिचे खांदे वर चढले, हनुवटी गळ्याला टेकली. हे मला नवीन नव्हतं. उत्तर तिला येत होतं, कारण कपाटातलं बी तिने घरी करून पाहिलं होतं, आणि वाढलेला तो पिवळट कोंब मला हाताला धरून दाखवला होता. माझ्या जिभेच्या टोकावर उत्तर. मी रुमाल दातांत धरला. सरांची नजर घड्याळाकडे गेली. माझ्या डोळ्यांसमोर ती गाडी बदलायची जागा, ती गर्दी, आणि मध्ये माझी पोर, कुणालाही काही न विचारता उभी.

मग ती उठली. मला वाटलं, पळणार. पण ती टेबलाकडे गेली. दप्तरातून क्ले काढली, कंपास पेटी काढली. पेटी कडेवर उभी केली, फोनला आतलं दिसेल इतपत झाकण उघडं ठेवलं. आत क्लेचं बी ठेवलं. पुस्तकांच्या चळतीवर माझा फोन नीट टेकवला. काडी घेतली. फोटो. जरासा कोंब. फोटो.

सर म्हणाले, "हे काय चाललंय?"

विज्ञानाच्या बाई म्हणाल्या, "उत्तर देतेय, सर."

"किती वेळ लागेल?"

सरांनीच सांगितलेलं होतं ना, इथे, आमच्यासमोर, तिचं तिने. आता नाही कसं म्हणणार? फोटो. कोंब. फोटो. तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की सुपरवायझरचा फोन कधीही येऊ शकतो, आणि फोन बंद करा असं सांगायला मी तोंड उघडू शकत नाही. मी नुसती त्या फोनकडे डोळे लावून बसले. नंतर कळलं, चिमणीने येणाऱ्या फोनचा आधीच बंदोबस्त करून ठेवला होता.

पण खरा धोका फोनकडून नव्हता.

सर अस्वस्थ झाले की येरझाऱ्या घालतात. तसे ते उठले. खिडकीपर्यंत गेले, परत आले. चिमणीचं टेबल भिंतीपासून जरासं तिरकं होतं. मी पाहिलं, सरांनीही पाहिलं. मला पुढचं कळलं आणि मी काही करू शकले नाही. सरांचा हात आपोआप पुढे गेला, आणि त्यांनी टेबल भिंतीला सरळ लावलं.

चळतीवरचा फोन घसरला. पेटी सरकली. चिमणीची काडी हवेत तशीच राहिली.

मी खुर्ची सोडून, म्हणजे स्टूल सोडून उभी राहिले. ओरड माझ्या घशापर्यंत आली होती. ती कशी गिळली, माझं मला माहीत. बोलले असते तर उत्तर बाद, आणि न बोलावं तर पोरीचं काम बाद. चिमणीने सरांकडे पाहिलं. मग टेबलाकडे पाहिलं. आणि तिने शांतपणे क्ले डब्यात भरायला सुरुवात केली. रडली असती तरी मला इतकं लागलं नसतं.

सरांना कळेचना. ते बाईंना म्हणाले, "काय झालं? मी तर फक्त टेबल..."

बाई म्हणाल्या, "सर, एवढा वेळ ती जे बोलत होती ना, ते सगळं पुसलं गेलं."

सर उभेच. त्यांनी आपल्या हाताकडे पाहिलं, तो दुसऱ्याच कुणाचा असावा तसं. मंडळी, या शाळेत इतकी वर्षं सर आहेत. त्यांना 'माझं चुकलं' म्हणताना कुणी ऐकलंय का? मी ऐकलंय. चिमणीसमोर ते वाकले आणि म्हणाले, "माझं चुकलं. तू पुन्हा पहिल्यापासून सांग. आम्ही ऐकतो."

तेवढ्यात बाहेर मामांनी घंटेला हात घातला. सर दारात गेले आणि म्हणाले, "आज घंटा नाही." रांगेतल्या मुलांना म्हणाले, "बसा सगळे खाली. वेळ लागेल."

आणि मग ते आत येऊन खुर्चीवर बसले, आणि दोन्ही हात मांड्यांखाली घालून त्यावर बसले. खरं सांगते. आपल्या शाळेचे हेडसर, शाळेतल्या सगळ्यात वांड मुलासारखे, स्वतःच्या हातांवर बसून राहिले. समोर पुस्तकांची चळत तिरकी झालेली होती. त्यांच्या कपाळावर घाम होता. घड्याळाकडे त्यांनी पाहिलं नाही, तेवढा वेळ मी त्यांच्यावरच नजर ठेवून होते म्हणून सांगते.

चिमणी डब्याचं झाकण धरून उभी होती. उघडते की नाही, देवच जाणे. मग तिने झाकण काढलं.

किती वेळ लागला विचारू नका. बाहेर मुलं गप्प. आत फक्त फोनचा तो बारीकसा आवाज आणि मध्ये मध्ये परीक्षकांचा श्वास. फोटो, कोंब, फोटो. शेवटी तिने फोन बाईंच्या हातात दिला. बाईंनी लावला. सगळं मिळून काही सेकंद. पेटीच्या अंधारात बी फुटतं. कोंब येतो, पण हिरवा नाही, फिका पिवळा, बारीक आणि लांबच लांब. तो पेटीच्या भिंतीला टेकतो, वळतो, इकडे जातो, तिकडे जातो, आणि झाकणाच्या फटीकडे सरकतो. टोक फटीबाहेर येतं. तिथे एक छोटासा हिरवा ठिपका.

परीक्षकांनी चष्मा काढला. म्हणाले, "उत्तर बरोबर. आणि बाहेर आल्यावर हिरवा होतो, हे तर मी विचारलंच नव्हतं."

मी सरांकडे पाहिलं, कारण माझं सगळं त्यांच्या तोंडच्या शब्दावर अवलंबून होतं. सर हातांवरून उठले. म्हणाले, "उत्तर इथे मिळालं. आमच्यासमोर. ही मुलगी याच शाळेत राहील." मी मटकन स्टुलावर बसले. आता बोलायला परवानगी होती, पण मला काहीही सुचेना. माझ्या मिस्टरांना हे सांगितलं तर त्यांना आजही खरं वाटत नाही.

आता शेवटचं सांगते. आम्ही निघालो. मी दप्तर उचलायला मागे वळले, आणि पाहते तर व्हरांड्यात चिमणी सरांसमोर उभी. सर खाली वाकलेले, कान तिच्या तोंडाशी. आणि तिचे ओठ हलले. शाळेच्या फाटकाच्या आत. माझ्या मुलीचे शाळेतले पहिले शब्द, आणि मी व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला. मला काहीही ऐकू आलं नाही. मी धावत गेले. सरांना म्हटलं, "काय म्हणाली? सर, काय म्हणाली?"

सर म्हणाले, "ते ती माझ्याशी बोलली आहे."

ऐकलंत? आईला सांगितलं नाही. चिमणीला विचारलं तर ती म्हणे, "सरांना सांगितलंय ना." मी रागावले, लाडीगोडी लावली, आइस्क्रीमचं आमिष दाखवलं. दोघांची अळीमिळी गुपचिळी. मी मनातल्या मनात हजार वाक्यं रचली. वाटायचं, 'थँक्यू सर' म्हणाली असेल. कधी वाटायचं, 'मला इथेच राहायचंय' म्हणाली असेल. त्यानंतर ती हळूहळू बाईंशी बोलायला लागली, मग बाकावरच्या मैत्रिणीशी. अजून सगळ्यांशी नाही बोलत. बोलेल तेव्हा बोलेल, आम्हाला घाई नाही. पण ते पहिलं वाक्य मला मिळालं नाही, याचा मला राग होता, आणि सर, तो राग तुमच्यावर होता.

आज इथे यायला निघाले तेव्हा चिमणी मला म्हणाली, "आई, आज सर चालले ना, मग आता सांगायला हरकत नाही." आणि तिने सांगितलं. ती त्या दिवशी सरांना म्हणाली होती, "सर, माझ्या टेबलाला परत हात लावायचा नाही."

आभार नाही, विनंती नाही. या शाळेत माझी मुलगी पहिल्यांदा बोलली ती हेडसरांना दटावायला. आणि सर तिला काय म्हणाले, तेही तिने सांगितलं. सर म्हणाले, "नाही लावणार. पण लागला, तर आजच्यासारखं गप्प राहू नकोस. ओरड माझ्यावर."

सर, शाळेतल्या एवढ्या मुलांना तुम्ही बोलायला शिकवलंत. माझ्या मुलीला तुम्ही स्वतःवर ओरडायची परवानगी दिलीत. आईला तेवढं पुरतं. तुम्हाला आणि काकूंना निरोगी आयुष्य लाभो. संयोजकांनी मला बोलायला बोलावलं त्याबद्दल त्यांची मी ऋणी आहे. अध्यक्ष महोदयांनी मध्ये घड्याळ पाहिलं नाही, त्यांचेही आभार. सवयीप्रमाणे कुठे आवाज चढला असेल, मोठ्यांविषयी उणंदुणं बोलले असेन, तर आपल्या घरचीच आहे समजून पोटात घाला. एवढं बोलून मी खाली बसते.